बागेतला आंबा पल्पच्या कारखान्यापर्यंत न नासता कसा पोचवावा?

तुम्ही विचारलंय की वलसाड-धरमपूरकडच्या बागांतून केसर आणि राजापुरी गोळा करून कारखान्याला पुरवायचा आहे, तर नासाडी कशी आवरायची आणि शीतगाडी घ्यावी का. वडोदऱ्याजवळच्या एका पल्प कारखान्यासाठी मी गेले बारा हंगाम फळखरेदी बघतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

शीतगाडीचा विचार सध्या सोडा. कच्चा आंबा साधारण १३ अंशांच्या खाली गेला की त्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि मग तो धड पिकत नाही. संध्याकाळी भरून रात्री निघालेली साधी गाडी सकाळी वडोदऱ्यात पोचते, तेवढं पुरतं. खरं नुकसान होतं ते साठून राहिलेल्या उष्णतेने. वडोदऱ्यात दांडियाबाजारातल्या घरी आजी अढी घालायची, तेव्हा रोज सकाळी पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून ऊब बघायची आणि पाड लागलेले, म्हणजे पिकायला लागलेले आंबे वेगळे काढायची. मी आजही गाडी आली की तेच करतो. ताडपत्री सोडून मधल्या थरातल्या क्रेटमध्ये हात घालायचा. वरचं फळ थंडगार आणि मधलं तापलेलं निघालं, तर तो माल आधी उतरवून पसरायचा, वजनकाटा नंतर. आंबा तोडल्यावरही श्वास घेतो आणि उष्णता सोडतो. ती बाहेर पडायला क्रेटच्या रांगांमध्ये चार बोटं जागा हवीच.

तिसऱ्या हंगामात मी हे सगळं सांभाळलं होतं, तरी दोन गाड्या माल गेला. गाड्या शनिवारी रात्री आल्या आणि त्याच रात्री बॉयलर बंद पडला. मंगळवारी पल्पर, म्हणजे गर काढायचं यंत्र, सुरू झाला तोवर खालच्या क्रेटमधून रस गळून फरशी चिकट झाली होती. बागायतदाराचं फळ उत्तम होतं, तरी कपात त्याच्याच पैशांतून झाली. ती मला आजही अन्यायाची वाटते. तेव्हापासून तोडणीची तारीख मी बागेत ठरवत नाही. कारखाना कोणत्या दिवशी किती टन घेणार ते आधी लिहून घेतो. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे आंबा पिकवायच्या खोलीत, आमच्याकडे साधारण पाच दिवस जातात, ते मागे मोजतो आणि तेवढीच तोड सांगतो. यंत्र अडलं, तर फळ झाडावर दोन दिवस जास्त राहिलेलं परवडतं.

तोडताना फळाचे देठाजवळचे खांदे भरलेले आहेत का ते बघा. शंका आली तर पाण्यात टाका, तयार फळ बुडतं. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने उतरवा, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि तिथूनच कुज सुरू होते. क्रेट २० किलोचेच वापरा आणि प्रत्येकात बाग, तारीख, जात लिहिलेली चिठ्ठी टाका. दोन तारखांचा माल एकत्र केलात, तर चेंबरमध्ये निम्मा पिकेल, निम्मा कच्चा राहील आणि पल्पचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, ढासळेल. पिकवायला इथिलीन वायूच वापरा, त्याला १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १००) परवानगी आहे. कार्बाइडवर बंदी आहे, कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नका.

आता पैशांचं. सौद्यात ‘मण’ म्हणजे किती किलो ते लिहूनच घ्या. गुजरातच्या बाजारात मण २० किलोचा, आपल्याकडची जुनी माणसं ४० चा धरतात. प्रतवारी बागायतदाराच्या माणसासमोर करा आणि नाकारलेलं फळ त्याला दाखवा. भाव एकदाच बांधून ठेवू नका, मार्केट यार्डाच्या भावाशी जोडा. नाहीतर भाव चढला की तुमचा ठरलेला माल यार्डात जाईल, आणि त्यात बागायतदाराची चूक नसेल. पैसे आठवड्याच्या आत द्या. कारखाने उशिरा देतात, तेवढं भांडवल आधी हाताशी हवं.

पहिल्या पावसानंतर फळमाशी आणि करपा वाढतो. तेव्हा फळ कापून बघितल्याशिवाय गाडी भरू नका. यंदा दोनच बागा घ्या आणि एक दिवसाआड एक गाडी पाठवा.