तीन लाखांचं बजेट आणि मार्चमधला टेम्पो

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अनुदानित महाविद्यालयात या जूनमध्ये ग्रंथपाल म्हणून रुजू झालात, वर्षाच्या खरेदीला ३ लाख मंजूर आहेत, सातही विभागांना ते सारखे वाटून टाका असं तुम्हाला सांगितलं जातंय आणि एक विक्रेता ‘मार्चमध्ये एकदम घ्या, ३५ टक्के सूट देतो’ म्हणतोय. मी चोवीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मार्चचं. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी २७ मार्चला दुपारी दारात टेम्पो उभा राहिला. अडीचशे पुस्तकं. ३१च्या आत दाखल करून बिल लेखापालांकडे द्यायचं होतं. परिचर आणि मी रात्री नऊपर्यंत बसून शिक्के मारले, दाखल नोंदवही भरली. पाच-सहा वर्षांनी साठा पडताळणीत त्याच लॉटमधलं एकेक पुस्तक उघडत गेलो. शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी कोरी, म्हणजे पुस्तक एकदाही कुणी नेलेलं नाही. पुढचं उघडलं, तीही कोरी. स्पर्धा परीक्षांची शिळी गाइडं, संगणकाच्या जुन्या आवृत्त्या, एकाच विषयावरची चार सुमार पुस्तकं. आणि ज्या वर्षी ही आली, त्याच वर्षी एस.वाय. बी.कॉम.च्या कॉस्टिंगच्या ४ प्रतींसाठी मुलं खिडकीशी नंबर लावून उभी होती. ती मुलं केव्हाच पास होऊन गेली. मला ते अजून लागतं.

मार्चमध्ये विक्रेत्याच्या गोदामात जे पडलेलं असतं तेच आपल्याला मिळतं. आपली यादी घेऊन प्रकाशकाकडून माल आणायला त्याच्याकडे वेळच नसतो. ३५ टक्के सूट त्या पडलेल्या मालावर असते. प्रकाशक-विक्रेत्यांच्या महासंघाच्या गुड ऑफिसेस कमिटीने ग्रंथालयांसाठी १० टक्के सूट हे प्रमाण ठरवलेलं आहे. मराठी पुस्तकांवर प्रकाशकाकडून थेट घेतलीत तर पुष्कळदा जास्त सुटते, तिथे मागायला अजिबात संकोच करू नका. पण महागड्या इंग्रजी संदर्भग्रंथावर कोणी ३५ टक्के देऊ लागला, की पुस्तक हातात घेऊन छापील किमतीवर चिकटवलेलं स्टिकर नखाने उचलून बघा. प्राइस प्रूफ, म्हणजे प्रकाशकाच्या कॅटलॉगची किंवा बिलाची प्रत, मागून घ्या. परदेशी पुस्तक असेल तर डॉलर-पौंडाचा दर कोणत्या तारखेचा आणि कुणाचा धरायचा हे ऑर्डरमध्येच लिहा; दहा टक्के सूट देऊन दरात काढून घेतलेली बिलं मी पाहिली आहेत. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. बिलात लावलेला दिसला तर बिल परत पाठवा.

आता वाटणीचं. सारखी वाटणी भांडण टाळते, पण न्याय करत नाही. केमिस्ट्रीचं एक पुस्तक सहाशेला आणि मराठीचं तीनशेला असेल, तर तेवढ्याच पैशांत एका विभागाला निम्मीच पुस्तकं मिळतात. मी असं करतो: ३ लाखांतून नियतकालिकं, वर्तमानपत्रं, ई-साहित्याची वर्गणी आणि बांधणी यांचे अंदाजे ६० हजार आधी बाजूला काढतो. ३० हजार ग्रंथपालाच्या हाती राखीव ठेवतो, कारण कोशांची मागणी कुठलाच विभाग करत नाही आणि वर्षाच्या मध्ये कुणीतरी धावत येतंच. उरले २ लाख १० हजार. त्यातले निम्मे सगळ्यांना सारखे, म्हणजे प्रत्येक विभागाला १५ हजार. उरलेले १ लाख ५ हजार विद्यार्थिसंख्या गुणिले त्या विषयाच्या पुस्तकाची सरासरी किंमत, या प्रमाणात. आकडे तुमच्याकडचे घाला. हा तक्ता ग्रंथालय समितीपुढे ठेवला, की ‘त्यांना जास्त का’ याचं उत्तर कागदावर असतं.

देवघेवीचे, म्हणजे कोणत्या विभागाची किती पुस्तकं वाचायला नेली गेली याचे, आकडे या गणितात मी मुद्दाम घातले नाहीत. ज्या विभागाला वर्षानुवर्षं चांगली पुस्तकंच मिळाली नाहीत, त्याची देवघेव कमीच दिसणार. त्यावरून पैसे कापले तर तो आणखी मागे पडतो. देवघेव बघायची ती विभागाला मिळालेल्या रकमेत काय घ्यायचं, हे ठरवताना. त्यासाठी माझ्या काउंटरवर दोनशे पानी वही असते. मुलाने मागितलं आणि आपण ‘नाही’ म्हटलं, की लगेच पुस्तकाचं नाव लिहायचं. पुस्तक आपल्याकडे नाही की सगळ्या प्रती बाहेर आहेत, एवढी खूण शेजारी. महिनाभरात काय घ्यायचं आणि कशाच्या प्रती वाढवायच्या, हे त्या वहीत स्पष्ट दिसतं. कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालींतून देवघेवीचा अहवाल निघतो, पण न मिळालेल्या पुस्तकाची नोंद त्यात कुठून येणार?

प्रतींबाबत सध्या हात आखडता ठेवा. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ला पहिल्या वर्षापासून लागू झालं आणि अभ्यासक्रम वर्षागणिक पुढे बदलत गेला. अंतिम अभ्यासक्रम हातात आल्याशिवाय एका क्रमिक पुस्तकाच्या वीस प्रती घेऊ नका.

लेखापाल प्रत्येक शीर्षकाला तीन कोटेशनं मागतात म्हणालात. पुस्तकाची किंमत त्यावर छापलेली असते, त्यामुळे तुलना करायची ती सूट, पुरवठ्याची मुदत आणि सदोष प्रत बदलून देण्याची अट यांची. वर्षाच्या सुरुवातीला एकदाच विक्रेत्यांकडून ही दरपत्रकं मागवा, तुलनात्मक तक्ता करा, समितीची सही घ्या आणि दोन-तीन विक्रेते वर्षभरासाठी नक्की करा. केंद्राच्या २०१७च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ‘वस्तू’ची व्याख्या करताना ग्रंथालयाची पुस्तकं आणि नियतकालिकं चक्क वगळली आहेत. आपल्याला राज्याचे आणि संस्थेचे नियम लागतात हे खरं, पण लेखापालांशी बोलताना हा दाखला उपयोगी पडतो. मला पडला आहे.

ई-साहित्यावर पैसे टाकण्याआधी काय फुकट किंवा स्वस्त मिळतंय ते बघा. एन-लिस्ट, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी योजना, तिची वर्गणी अनुदानित महाविद्यालयांना बरीच वर्षं ५,९०० रुपये राहिली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला, म्हणजे देशभरच्या संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची एकच वर्गणी भरण्याच्या योजनेला, केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं, पण ती योजना सरकारी संस्था समोर ठेवून आखलेली आहे. आपलं महाविद्यालय त्यात येतं का, हे आधी तपासा. तेच नियतकालिक दोनदा विकत घ्यायला नको. छापील नियतकालिकांची वर्गणी बहुतेक वेळा जानेवारी ते डिसेंबर असते, तेव्हा त्यांचा निर्णय नोव्हेंबरात.

ऑर्डरमध्ये ‘४५ दिवसांत पुरवठा न झाल्यास ऑर्डर रद्द समजावी’ हे वाक्य घालाच. नाहीतर ऑर्डरमध्ये अडकलेले पैसे कागदावर खर्ची दिसतात, पुस्तक येत नाही आणि तुम्ही पुन्हा मार्चमध्ये त्या टेम्पोसमोर उभ्या राहता. डिसेंबरअखेर कोणत्या विभागाने यादीच दिलेली नाही ते बघून तो पैसा काउंटरच्या वहीत मागणी दिसलेल्या पुस्तकांच्या प्रती वाढवायला वळवा. वळवण्याचा हा अधिकार समितीच्या ठरावात आत्ताच लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही.

या आठवड्यात विभागांना पत्र जाऊ द्या: यादी प्राधान्यक्रमाने, लेखक, प्रकाशक, आवृत्तीसह, पंधरा दिवसांत. आलेल्या यादीतलं एकेक नाव आपल्या कॅटलॉगमध्ये शोधून दुबार खरेदी तिथेच गाळा. पहिली ऑर्डर गौरी-गणपतीच्या सुट्टीआधी गेली, तर दिवाळीनंतर मुलं परत येतील तेव्हा पुस्तकं दाखल होऊन कपाटात लागलेली असतील.