लेपर्ड गेकोची (पाळीव पालीची) अंडी पावसाळ्यात बुरशी धरतात, रत्नागिरीत काय करावं?

आधी अंडं नीट बघा. फळलेलं अंडं पांढरं, खडूसारखं घट्ट असतं. पिवळट, मऊ अंडं बहुधा वांझ, बुरशी त्यालाच आधी धरते. घट्ट अंड्यावर थोडी बुरशी दिसली तर कोरड्या कापसाने हलकेच टिपा, टाकून देऊ नका.

अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि ती बाजू वरच ठेवा. फिरवलं तर आतला जीव मरू शकतो. अंडी उबवायच्या डब्यातलं वर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारे हलके खनिज कण) मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. डबा आठवड्यातून एकदा उघडून हवा द्या.

आपल्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून डबा मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवा (स्वच्छ धुवून). ऊब टिकते. सुमारे २६–२७ अंशांवर बहुतेक माद्या निघतात, ३२ च्या आसपास नर जास्त.

हा कोरड्या मुलखातला प्राणी. गेको राहतो त्या टाकीला जाळीचं झाकण हवं, तळाला काथ्या नको, कागद घाला आणि रोज बदला. ओल एकाच लपणीत (लपायच्या जागेत) ठेवा. दोन नर एकत्र कधीच नकोत. आणि कृपया, सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) रानपाली पकडून आणू नका.