काळी बेरी एल, म्हणजे रास्पबेरी घातलेली काळी बीअर, पहिल्यांदा चाखताय?

भाऊ, बाटली फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. १०-१२ अंशांना बेरीचा वास खुलतो. एरवी वीस मिनिटं थांबा, जळगावच्या मे महिन्यात पाच बास! ग्लास अर्धाच भरा, आधी हुंगा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- शेवभाजी, ठेच्यासोबत चाखणं. जीभ भाजल्यावर रास्पबेरी कसली कळणार? आधी चाखा, मग जेवा.
- सरबतासारखी गोड लागेल असं धरून चालणं. फळातली बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकतं. उरतो आंबटपणा आणि जांभळासारखा तुरटपणा. काळा रंग मुख्यतः भाजलेल्या धान्याचा, म्हणून मागाहून कॉफीसारखा कडवटपणा येतो.

पहिल्या घोटावर निकाल देऊ नका, तिसऱ्यापर्यंत थांबा. लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का तेवढा बघा. हॉप्सबिप्सचं (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) नंतर बोलू.