ब्रेल पुस्तकांच्या फाइल मिळाल्या आहेत, पण खराब वाटतात. छापून घ्याव्यात की यंत्रावर वाचाव्यात?

तुमची पुतणी सातवीत आहे, बीआरएफ फाइल उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतात आणि घरचे म्हणतात, ऑडिओ असताना ब्रेल कशाला. शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला बसलो.

फाइल खराब नाहीत. ब्रेलचं प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या एका चौकटीत, म्हणजे सेलमध्ये, बसतं आणि ठिपक्यांना १ ते ६ क्रमांक असतात. बीआरएफ म्हणजे असा एकेक सेल एकेका इंग्रजी अक्षराने, आकड्याने किंवा चिन्हाने साठवणारी फाइल, म्हणून ती नोटपॅडमध्ये अशीच दिसते. 'मराठी' हा शब्द तिच्यात एम, आर, गणितातलं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, डब्ल्यू आणि ९ असा असतो. ती वर्डमध्ये 'नीट' करायला जाऊ नका. बदल करताना वर्ड सरळ अवतरणचिन्हं गोल करतं. बीआरएफमध्ये एकेरी सरळ चिन्ह म्हणजे ठिपका ३ आणि दुहेरी म्हणजे ठिपका ५. ती गोल झाली की एम्बॉसरला (कागदावर ठिपके उठवणाऱ्या छपाईयंत्राला) कळत नाहीत आणि ठिपके गळतात. बीआरएफ पुन्हा भाषांतर सॉफ्टवेअरमधूनही काढू नका, ब्रेलचं ब्रेल होऊन बसतं.

खरी डोकेदुखी बीआरएफ नसलेल्या पुस्तकांची. डीटीपीवाल्याकडची फाइल बहुधा पेजमेकरमधली, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली असते. आधी ती युनिकोडमध्ये आणा. त्यात पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार हलतो, 'ऱ्या'चा 'र्या' होतो. हे हातानेच दुरुस्त करावं लागतं. मग मराठी ब्रेलचं टेबल, म्हणजे कुठल्या अक्षराला कुठले ठिपके याची यादी, असलेलं सॉफ्टवेअर घ्या. लिबलुईस या मुक्त प्रणालीचं टेबल वापरणारं साओ माय ब्रेल फुकट आहे, डक्सबरी विकत मिळतं. पूर्ण पुस्तक टाकण्याआधी एकच ओळ टाका: मऊ, सई, दऱ्या, ॲप, क्षमा, ज्ञान, दुःख, १२५. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, स्वराचं चिन्ह (काना, वेलांटी वगैरे) आणि तोच सुटा स्वर यांचे ठिपके एकच, म्हणून 'मऊ' लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावा लागतो. तो गळला तर मूल 'मू' वाचणार. 'ॲ' किंवा 'ऱ' टेबलात नसेल तर त्या जागी उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणारा लांबलचक कोड येतो. तो शोधून मूळ मजकुरात बदल करा. आणि तपासणारा डोळस असेल तर त्याला आधीच सांगा की जोडाक्षरात हलन्ताचा ठिपका ४ व्यंजनाच्या आधी येतो. नाहीतर तो बरोबर असलेलंच चूक म्हणून खुणा करत बसेल. बोटांनी वाचणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय एकही पुस्तक छापू नये, असं माझं ठाम मत आहे.

छपाईत सगळ्यात जास्त कागद एका कारणाने वाया जातो. आलेली फाइल सहसा ४० सेलची ओळ आणि २५ ओळींचं पान अशी असते, ती साडेअकरा बाय अकरा इंची कागदासाठी. आपल्याकडे ए-फोर घालतात, त्यात ओळीला जेमतेम ३० सेल बसतात. मग प्रत्येक ओळीची १० सेलची शेपटी खालच्या ओळीवर येते आणि पानाचा आकडा मजकुरात घुसतो. मूळ मजकूर असेल तर बांधणीच्या बाजूला ३ सेल सोडून नव्याने मांडणी करा. कागद जाड, १४० ते १६० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) घ्या. झेरॉक्सच्या कागदाला टिंब उठत नाही, भोक पडतं आणि कडा बोटाला टोचतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात उघडा कागद वळतो आणि तिरका ओढला जातो, म्हणून गठ्ठा लागेल तेव्हाच फोडा. छापील १०० पानांची ब्रेलमध्ये २५० ते ३०० होतात. दोन्ही बाजूंनी छापलं तरी दीडशेच्या आसपास कागद, म्हणजे दोन-तीन भाग करा. तयार भाग उभे ठेवा. एकावर एक रचले तर खालच्यांचे ठिपके बसतात.

आता ऑडिओ. 'ऑडिओ असताना ब्रेल कशाला' हे वाक्य शिकल्यासवरल्या लोकांकडूनच ऐकावं लागतं, याचा मला संताप येतो. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. बोटाला एकाच्या वेलांटीत ठिपके २-४ लागतात, दुसऱ्याच्या ३-५. ऐकून शिकलेलं मूल शुद्धलेखनात अडतं आणि मग तेच लोक म्हणतात, हिला लिहिता येत नाही. डोळस मुलांची पुस्तकं काढून घेऊन त्यांच्या हाती रेडिओ देतो का आपण? गणित आणि व्याकरण तर कागदावरच हवं, कारण तिथे मागची ओळ पुन्हा बोटाखाली घ्यावी लागते.

गोष्टी, कादंबऱ्या मात्र यंत्रावर वाचू द्या. ऑर्बिट रीडर २० या ठिपके वर-खाली करणाऱ्या वाचनयंत्रात एसडी कार्डावर बीआरएफ टाकली की थेट वाचता येते. एका वेळी २० सेल दिसतात, म्हणजे ४० सेलची ओळ दोन हप्त्यांत. कोष्टकं त्यावर नकोत. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा, तिथे मराठी पुस्तकंही आहेत.

एक सांगायचं राहिलं. मोठेपणी मधुमेहाने दृष्टी गेलेल्यांच्या बोटांची संवेदनाही कमी झालेली असू शकते. त्यांच्यासाठी ऑडिओच बरा, वरचं भांडण मुलांपुरतं आहे.

खर्चाचं म्हणाल तर एम्बॉसर घरी घेऊ नका, लाखांत जातो. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून छापून घ्या. बाहेरगावाहून मागवलंत तर पाकिटावर 'अंधांसाठीचे साहित्य' असं ठळक लिहायला सांगा. साध्या टपालाने ७ किलोपर्यंत टपालखर्च लागत नाही.