विद्यार्थी प्रकल्पासाठी अल्बमचे वेष्टन आणि मासिकातील जाहिरात यांची रचना एकसारखीच ठेवावी का?

दोन्हींची दृश्य ओळख एकच ठेवावी, परंतु मांडणी स्वतंत्रपणे करावी. सोलापुरातील एका छापखान्यात मांडणीचे काम करताना मी अनेकदा पाहिले आहे की, चौरस मुखपृष्ठ उभ्या पानावर ताणून बसवले की चेहरे आणि अक्षरे दोन्ही विद्रूप होतात. सीडीचे मुखपृष्ठ साधारण १२० × १२० मिमी असते, तर ए-४ पान २१० × २९७ मिमी असते. म्हणून छायाचित्र, अक्षरवळण आणि दोन-तीन रंग तेच ठेवून जाहिरातीत कलाकाराचे नाव, प्रकाशनाची तारीख आणि अल्बम कोठे मिळेल हे ठळक करावे, तर गाण्यांची यादी व श्रेयनामावली वेष्टनाच्या मागील बाजूसाठी राखावी. अल्बम सोलापूरच्या लोकगीतांचा असेल, तर आपल्या चादरीच्या नक्षीची एक पट्टी दोन्हीकडे फार शोभून दिसेल. तिचे छायाचित्र मात्र स्वतः काढावे. वेष्टनाच्या कण्यावरील (कडेच्या अरुंद पट्टीवरील) नाव विद्यार्थी हमखास विसरतात, तेही पाहावे. छपाईसाठी फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) रंगांत, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) आणि चहूबाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारा जादा भाग) ठेवून तयार करावी. प्रकल्प केवळ पडद्यावर दाखवायचा असल्यास आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा रंग) पुरेसे आहे.