सह्याद्री पाचवरच राहू दे

वाचकांचे प्रश्न : डिश, अँटेना आणि टीव्ही

प्रश्न : आमच्याकडे दूरदर्शनच्या फ्री डिशची तबकडी आहे. मुलाने ती एका छोट्या संगणकाला जोडून त्यावर टीव्हीहेडएंड (वाहिन्या पकडून घरातल्या टीव्हीला पुरवणारे सॉफ्टवेअर) बसवले आहे आणि हॉलमधल्या टीव्हीवर कोडी या ॲपमधून सगळे दिसते. मुलगा नोकरीला पुण्यात. स्कॅनमध्ये वाहिन्या कशाही क्रमाने आल्या होत्या, म्हणून मी हौसेने बसून एकूण एक वाहिनीला सुटसुटीत नाव दिले, नंबर लावले. सासूबाईंना रिमोटवरचा फक्त पाच ठाऊक, तिथे सह्याद्री. एप्रिलमध्ये काही वाहिन्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा मुलाने फोनवर सांगितले तसे सगळे पुसून पुन्हा स्कॅन केले आणि माझी मेहनत पाण्यात गेली. त्याआधी आणखी एक चमत्कार : मी नाव दिलेल्या एका गाण्यांच्या वाहिनीवर कीर्तन चालू होते. आता पुन्हा सगळे करायला बसू का?
– एक गृहिणी, डिचोली

उत्तर : बसा, पण या वेळी निम्मेच काम करा.

तुमच्या पत्रातली कीर्तनाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण खरी मेख तिथेच आहे. मेहनत गेली ती पुसल्यामुळे. गाण्यांच्या नावाखाली कीर्तन मात्र काहीही न पुसता लागले, आणि ते तुम्ही हाताने नाव दिल्यामुळेच लागले.

उपग्रहावरून चित्र आणि आवाज येतो तसे वाहिनीचे नावही येते. एसडीटी नावाचा एक तक्ता प्रक्षेपणात सारखा फिरत असतो, निदान दर दोन सेकंदांना एकदा. स्कॅन करताना टीव्हीहेडएंड तोच वाचून नावे भरतो. पण वाहिनी ओळखायची वेळ येते तेव्हा त्याला नावाशी देणेघेणे नसते. तो आकडे बघतो : नेटवर्कचा क्रमांक, प्रवाहाचा क्रमांक आणि सेवेचा क्रमांक. हे तीन जुळले की त्याच्या लेखी वाहिनी तीच, मग पडद्यावर कोणी नाचत असो की टाळ कुटत असो.

आता फ्री डिशची तऱ्हा पाहा. ही सेवा २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली आणि आज ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येते. तिच्यावरच्या खासगी वाहिन्यांना प्रसार भारती जागा देते ती ई-लिलाव करून, आणि बहुतेक जागांचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असते. म्हणून एप्रिल उजाडला की काही बिऱ्हाडे उठतात, काही नवी येतात. जुन्या वाहिनीचा सेवाक्रमांक नव्या वाहिनीच्या वाट्याला आला, तर टीव्हीहेडएंडला बदल झाल्याचा पत्ताच लागत नाही. प्रक्षेपणातले नाव बदललेले असते, पण तुम्ही दारावर खिळे ठोकून पाटी लावली आहे ना! भाडेकरू नवा आला तरी पाटी जुन्याचीच.

म्हणून माझे सांगणे असे की हाताने नाव द्यायचे ते फक्त दूरदर्शनच्या घरच्या वाहिन्यांना. सह्याद्री, डीडी गोवा, डीडी न्यूज, डीडी नॅशनल या लिलावात नसतात, त्यांची जागा एप्रिलमध्ये हलत नाही. त्यांना ‘सह्याद्री’, ‘आपले गोवा’, काय हवे ते म्हणा. खासगी वाहिन्यांच्या नावांना हात लावू नका. टीव्हीहेडएंडच्या चॅनल्स या पानावर प्रत्येक वाहिनीच्या तपशिलात ‘ऑटोमॅटिकली नेम फ्रॉम नेटवर्क’ असा एक चौकोन असतो. खासगी वाहिन्यांसाठी त्यात खूण करा. मग नाव प्रक्षेपणातून येईल आणि भाडेकरू बदलला तर पाटीही आपोआप बदलेल. नाव थोडे बेंगरूळ दिसेल, सगळी कॅपिटल अक्षरे, मध्येच एखादा ठिपका, चालवून घ्या. कुरूप पण खरे नाव हे सुबक पण खोट्या नावापेक्षा रिमोट हातात असताना जास्त उपयोगी पडते.

आता पुसण्याबद्दल. मुलाने सांगितले ते सेट-टॉप बॉक्सच्या सवयीने सांगितले असावे. तिथे पुसून स्कॅन करणे हाच रिवाज आहे. टीव्हीहेडएंडची रचना वेगळी आहे. त्यात तळाला मक्स, म्हणजे एकेक फ्रीक्वेन्सी. तिच्यावर सर्व्हिसेस, म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीवर प्रत्यक्ष सापडलेल्या वाहिन्या. आणि सर्वांत वर चॅनल्स, म्हणजे तुमची यादी. तुम्ही दिलेले नाव, नंबर आणि गट हे सगळे या वरच्या थरावर असते. स्कॅन खालच्या दोन थरांत चालतो, वरच्याला धक्का लावत नाही. तुम्ही पुसलात तो नेमका वरचा थर.

पुढच्या एप्रिलमध्ये असे करा. मक्सना पुन्हा स्कॅनला लावा आणि चहा घेऊन या. मग सर्व्हिसेसच्या पानावर चॅनल नावाचा रकाना बघा. ज्या ओळीत तो रिकामा, ती नवी वाहिनी. हव्या तेवढ्याच ओळी निवडा आणि ‘मॅप सिलेक्टेड सर्व्हिसेस’ म्हणा. तिथे एक खिडकी उघडते, तिच्यातल्या ‘मर्ज सेम नेम’ची खूण काढून टाका. ती असली की सारख्या नावाच्या सर्व सेवा एकाच चॅनलला बांधल्या जातात. रिकाम्या जागांवर पुष्कळदा चाचणीची एकाच छापाची नावे असतात, मग चार-पाच अनोळखी सेवा एका नंबरमागे जाऊन बसतात आणि तुम्ही म्हणता भूत शिरले. उठून गेलेल्या वाहिन्या काढायला त्याच पानावर मेंटेनन्समध्ये सात दिवसांहून जास्त काळ न दिसलेल्या सेवा काढायची सोय आहे. नावातच सांगितले आहे की ती सात दिवस थांबते. एखाद्या दिवशी वीज गेली किंवा पाऊस कोसळला म्हणून वाहिनी उडू नये, एवढाच त्यातला हेतू.

नंबर लावताना ते चिकटून लावू नका. मराठी आणि गोव्याच्या वाहिन्या १ ते १९ मध्ये, बातम्या २० पासून, गाणी ४० पासून, भक्तीच्या ६० पासून, आकाशवाणीच्या वाहिन्या १०० च्या पुढे. मध्ये जागा मोकळी राहिली की नवीन वाहिनी आली तरी बाकीच्यांना सरकावे लागत नाही. सासूबाईंच्या पाचला तर कोणत्याच कारणाने हात नको. काही जण सगळी यादी अक्षरांप्रमाणे लावतात. मला ते कधीच पटलेले नाही. टीव्ही बघणारे बोटांच्या सवयीने बघतात, शब्दकोश चाळल्यासारखे नाही. दोन वाहिन्यांची अदलाबदल करायची असेल तर दोन्ही ओळी निवडून ‘नंबर ऑपरेशन्स’मधले ‘स्वॅप नंबर्स’ वापरा, हाताने आकडे बदलत बसायला नको.

एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. एखाद्या चौकटीत तुम्ही नाव किंवा नंबर बदलला की तिच्या कोपऱ्यात लहानसा लाल त्रिकोण उमटतो. तो आहे तोवर बदल फक्त तुमच्या पडद्यावर आहे. वरचे सेव्ह दाबले की त्रिकोण जातो आणि बदल खरोखर नोंदला जातो. अर्धा तास खपून ब्राउझर तसाच बंद केला, तर सगळे गेले.

टीव्हीहेडएंडमध्ये सगळे नीट लावूनही टीव्हीवर क्रम वेगळाच दिसला, तर कोडीच्या पीव्हीआर सेटिंग्जमध्ये जा. नंबर आणि क्रम बॅकएंडकडून, म्हणजे टीव्हीहेडएंडकडून, घ्यायचे असे दोन पर्याय तिथे आहेत, दोन्ही चालू हवेत. कोडीत स्वतःचा चॅनल मॅनेजरही आहे आणि त्यातही नावे बदलता येतात. त्याच्या वाटेला जाऊ नका. एकाच गोष्टीचे दोन कारभारी झाले की कोणाचे ऐकायचे हे तुम्हाला कळत नाही आणि यंत्रालाही कळत नाही.

आणि चवथीला मुलगा घरी येईल तेव्हा माटोळी बांधून झाल्यावर त्याला टीव्हीहेडएंडच्या सेटिंग्जचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला सांगा. पुढे पुन्हा काही पुसले गेलेच, तर तो फोल्डर जागेवर ठेवला की यादी जशीच्या तशी परत येते.

प्रश्न : जुलैत स्कॅन केल्यापासून माझ्या यादीतल्या जवळजवळ अर्ध्या वाहिन्या नाहीशा झाल्या आहेत. सॉफ्टवेअर बिघडले का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : सॉफ्टवेअर नव्हे, मुहूर्त चुकला. फ्री डिश केयू बँडवर, म्हणजे उंच फ्रीक्वेन्सीच्या लहरींवर, येते आणि जोरदार पाऊस त्या लहरी शोषून घेतो. यादी पुसून केलेला स्कॅन चालू असताना एखादी फ्रीक्वेन्सी लागलीच नाही, तर तिच्यावरच्या सगळ्याच वाहिन्या यादीतून गळतात. म्हणून अर्ध्या गेल्या, एक-दोन नाहीत. उघडीप बघून पुन्हा स्कॅन करा, जुनी यादी न पुसता.

तरीही आल्या नाहीत तर तबकडीसमोर काय आहे ते बघा. गोव्यातून या उपग्रहाची दिशा आग्नेय आहे आणि तबकडीची नजर क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर लागते. मे महिन्यात त्या रेषेत नसलेले माडाचे झावळे जुलैत ओले होऊन खाली झुकलेले असू शकते. समुद्राजवळ राहत असाल तर एलएनबीला (तबकडीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) लावलेली केबलची टोपी उघडून पाहा. आतली तार हिरवी-काळी पडली असेल तर टोक कापून नवी टोपी बसवा, वर टेप गुंडाळा आणि केबलला तोंडाशी एक खालचा वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.

प्रश्न : मी व्हीडीआर (टीव्ही बघायचे आणि रेकॉर्ड करायचे सॉफ्टवेअर) वापरतो. चॅनल्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये वाहिन्यांची नावे देवनागरीत केली, गटही केले. दुसऱ्या दिवशी नावे पुन्हा इंग्रजी. एकदा तर केलेले सगळेच बदल उडाले. हे कोण करते?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी, फोंडा

उत्तर : दोन्ही उद्योग व्हीडीआरचेच. तो चालू असताना यादी त्याच्या स्मृतीत असते आणि बंद होताना तो ती फाइलवर लिहून टाकतो. तू मधल्या वेळात केलेले बदल त्याखाली गाडले जातात. आधी व्हीडीआर थांबव, मग फाइलची प्रत काढ, मग संपादन कर.

इंग्रजी नावे परत येतात ती ‘अपडेट चॅनल्स’ या सेटिंगमुळे. डीव्हीबीच्या सेटअपमध्ये ते बघ. तिथे नावे आणि पीआयडी (चित्र-आवाजाचे क्रमांक) दोन्ही ताजे करायचा पर्याय निवडलेला असेल, तर एसडीटीत दिसलेले नाव तुझ्या नावावर लिहिले जाणारच. ‘फक्त पीआयडी’ ठेव. चित्र-आवाजाचे क्रमांक बदलले तर तो सांभाळून घेईल, नाव तुझे राहील. वर डिचोलीच्या बाईंना जे लिहिले ते तुलाही लागू आहे : खासगी वाहिन्यांना ठोकळेबाज नाव दिलेस, तर एप्रिलनंतर ते खोटे ठरू शकते.

फाइलमध्ये पहिल्या अपूर्णविरामापर्यंतचा (:) भाग नावाचा. त्यात स्वल्पविरामानंतर छोटे नाव आणि अर्धविरामानंतर पुरवठादाराचे नाव येते. नावातच अपूर्णविराम हवा असेल तर त्याच्या जागी उभी रेघ टाक, नाहीतर पुढची सगळी ओळ एक घर सरकेल आणि वाहिनी लागणार नाही. गटाची ओळ अपूर्णविरामाने सुरू होते. ‘:@२० बातम्या’ अशा धर्तीची ओळ असली की तिच्याखालची पहिली वाहिनी वीस नंबरवर जाते. आकडा मात्र इंग्रजी अंकांत (20) लिही, मी इथे मराठीत लिहिला आहे.

देवनागरीबद्दल सावध करतो. व्हीडीआरचा पडद्यावरचा मजकूर एकेक अक्षर सुटे मांडतो, जोडाक्षरे जुळवत नाही. ‘सह्याद्री’ लिहिलेस तर ह आणि य यांच्यामध्ये पाय मोडलेला दिसेल. ‘बातम्या’चेही तेच. ऱ्हस्व वेलांटी असलेल्या नावांत ती भलत्या बाजूला जाईल. जोडाक्षर आणि ऱ्हस्व वेलांटी नसलेली नावे निभावतात, बाकीची इंग्रजीत ठेवलेली बरी. आणि यादी नावाप्रमाणे लावलीस तर सगळी इंग्रजी नावे आधी येतील, देवनागरी त्यानंतर. युनिकोडमध्ये त्यांचे क्रम तसेच आहेत.

प्रश्न : आमच्याकडे डीटीएच कंपनीचा बॉक्स आहे. त्यात वाहिन्यांची नावे आणि नंबर बदलता येतील का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. तिथे नंबर कंपनी देते आणि तोही तिला मनमानी बदलता येत नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे वाहिन्या प्रकारानुसार एकत्र ठेवाव्या लागतात, प्रत्येकीला स्वतंत्र नंबर द्यावा लागतो आणि दिलेला नंबर किमान वर्षभर कायम ठेवावा लागतो. तुमच्या हाती आहे ती फेव्हरिट्सची यादी. दहा-बारा वाहिन्या तिथे टाका आणि रिमोटवर फेव्हरिटचे बटण कुठे आहे ते घरातल्यांना दाखवून ठेवा.