अट नेमकी कोणाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला फुप्फुसाचा कॅन्सर आहे. दोन औषधं झाली, आता गुण येत नाही. डॉक्टरांनी नवी गोळी सुचवलीय, पण तिला ‘सशर्त मान्यता’ आहे म्हणे. आमचे थोरले बंधू म्हणतात, हा आपल्यावर प्रयोग आहे. ही अट कोणाला? गोळी सुरू करावी का?

उत्तर : अट कंपनीला, तुमच्या बहिणीला नाही. गंभीर आजारावरचं आशादायक औषध लवकर विकायची मुभा मिळते. त्याचा खरा फायदा पुढच्या चाचणीत सिद्ध करायचा. नाही झाला, तर मान्यता काढून घेता येते. अमेरिकेत हा नियम १९९२मध्ये आला. त्याआधी, १९८८मध्ये, एड्सच्या रुग्णांनी आणि त्यांच्या साथीदारांनी औषध नियंत्रकांच्या मुख्यालयावर धडक मारली होती. वाट पाहायला त्यांच्यापाशी वर्षं नव्हती. युरोपात अशी मान्यता एका वर्षाचीच असते, दरवर्षी नूतनीकरण.

बंधूंची शंका मात्र झटकून टाकू नका. औषध माणसांवर तपासलेलं असतं. प्रश्न असतो, काय मोजलं हा. रुग्ण किती जगले हे कळायला वर्षं जातात, गाठ आकसली का हे स्कॅनवर काही आठवड्यांत दिसतं. लवकरची मान्यता बहुधा दुसऱ्या मापावर मिळते. मी वीसेक वर्षं चाचण्यांचे अहवाल वाचले. सुरुवातीला गाठी आकसल्याचे आकडे पाहून मीही हुरळून जायचे.

गेफिटिनिबने माझी खोड मोडली. हेही फुप्फुसाच्या कॅन्सरवरचंच. शंभरातल्या जेमतेम दहा जणांच्या गाठी आकसल्या, तेवढ्यावर २००३मध्ये अमेरिकेत त्याला लवकरची मान्यता मिळाली. पुढे सुमारे १,७०० रुग्णांच्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं काही सिद्ध झालं नाही. २००५मध्ये नव्या रुग्णांना ते देणं जवळपास थांबलं. आम्ही फाइल मिटली. पण ते दहा जण कोण होते? त्यांतल्या बहुतेकांच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकात विशिष्ट बदल होता. तो बदल असलेल्यांसाठी २०१५मध्ये तीच गोळी पूर्ण मान्यता घेऊन परतली. औषध तेच होतं, द्यायचं कोणाला हे आम्हाला उशिरा कळलं.

म्हणून डॉक्टरांना आधी विचारा : बहिणीच्या गाठीची जनुक तपासणी झाली आहे का, आणि ही गोळी त्या अहवालाला धरून आहे का? मग विचारा : मान्यता गाठ आकसल्यावर मिळाली की आयुष्य वाढल्यावर? पुढच्या चाचणीत रुग्ण घेणं सुरू झालंय का? ‘होणार आहे’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. सुरू करावी का, हे बहिणीचे रिपोर्ट न पाहता मी सांगणार नाही. आणि तिला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. तिला विचारलंत का?

गोळी सुरू केलीत, तर एक ध्यानात ठेवा. क्वचित होणारे दुष्परिणाम थोड्या रुग्णांच्या चाचणीत निसटतात. धाप वाढली किंवा नवा कोरडा खोकला लागला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.